रानबदक लाकडाच्या ठोकळ्याला कसं फसतं? (उत्तर लांबलंय)

प्रश्न दोन आलेत आणि दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. पहिला असा की रानबदकं एवढी सावध, लांबवर माणूस नुसता उभा राहिला तरी अख्खा थवा उठतो, मग शिकाऱ्याने पाण्यात सोडलेल्या रंगवलेल्या लाकडी ठोकळ्याजवळ ती येऊन बसतात कशी, मठ्ठ असतात का? आणि दुसरा, हजारो वर्षं मारली जाऊनही ती संपली कशी नाहीत?

आधी माझं सांगतो. मी शिकारी नाही, बंदूक मला चालवता येत नाही. पाणपक्षी धरायचे, मोजमाप घ्यायचं, पायात नंबर कोरलेली रिंग घालायची आणि सोडून द्यायचे, हे काम पंचवीसेक वर्षं करतोय. पण धरायची विद्या शेवटी शिकाऱ्यांचीच ना, ती मला एका म्हाताऱ्या जाळेवाल्या काकांनी शिकवली, तरुणपणी ते विकायला बदकं धरायचे आणि म्हातारपणी आमच्यासाठी धरायला लागले.

तर बदक मठ्ठ अजिबात नाही, ते सवयीचं पक्कं आहे. कुठे उतरायचं, कुणावर भरवसा ठेवायचा, संध्याकाळी कुठल्या वाटेने निघायचं हे त्याचं ठरलेलं असतं आणि त्या ठरलेपणावरच ते जगतं. जगभरची बदकं मारायची किंवा धरायची तंत्रं काढून बघा, प्रत्येकाच्या मुळाशी त्याची एक सवय सापडते.

ठोकळ्याचंच घ्या, म्हणजे ज्याला डिकॉय म्हणतात ते. वरून उडणाऱ्या बदकाला खाली पाण्याचा एक चकाकता तुकडा दिसतो. तिथे खायला आहे का, लव्हाळ्यात कोल्हा दबा धरून बसलाय का, हे वरून कळायला मार्ग नाही. पण वीस बदकं आधीच निवांत बसलेली असतील तर ती तपासणी कुणीतरी करून ठेवलीय, आपण उतरायला हरकत नाही. गर्दीचं हॉटेल बघून आपण आत शिरतो तसंच. ही युक्ती किती जुनी आहे बघा, अमेरिकेत नेवाडामधल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याच्या काड्या वळून, रंगवून, वर पिसं लावून केलेली बदकं सापडली, ती साधारण २००० वर्षांपूर्वीची आहेत, आणि आजही पाण्यात सोडली तर चालतील इतकी सुबक आहेत.

पण ठोकळे सोडले की झालं असं नाही, हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एकदा मी हौसेने चोवीस डिकॉय मांडले, छान जवळजवळ, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि लपून बसलो. तलवार बदकांचा थवा आला, दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेला. परत दुसरा आला, तो तर घिरटीसुद्धा न घालता गेला. काका मागून येऊन बघतात तर हसायलाच लागले, म्हणे ही बदकं आहेत का शाळेची प्रार्थना? तसेच कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि सगळी मांडणी मोडली. निवांत बदकं पांगलेली असतात, घाबरली की गोळा होतात आणि माना ताठ करून एकाच बाजूला बघतात, म्हणजे मी चोवीस ठोकळ्यांनी मिळून वरच्या बदकांना "धोका आहे, पळा" असंच सांगत होतो.

मग त्यांनी मध्ये एक मोकळी जागा सोडली. ही जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण बदक विमानासारखं वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं, वारा पाठीवर घेऊन उतरलं तर वेग मारता येत नाही. म्हणून वारा आपल्या पाठीमागून पाण्याकडे वाहील असं बसायचं, म्हणजे बदकं समोरून, पंख ताणून, पाय पुढे काढून थेट तुमच्या तोंडासमोर येतात. आणि पाणी हलतं पाहिजे. वारा पडलेल्या दिवशी डिकॉय आरशावर ठेवल्यासारखे दिसतात, खरं बदक सारखं काहीतरी खुडबुड करत असतं त्यामुळे त्याच्याभोवती तरंग असतात. त्यासाठी एका ठोकळ्याला दोरी बांधून मधूनमधून हिसका द्यायचा, बस. हल्ली बॅटरीवर पंख फिरणारे डिकॉय मिळतात ते याचंच पुढचं रूप.

लपणाबद्दल एवढंच सांगतो की वर बघू नका. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि जरा वरच्या अंगाला असतात, मॅलार्ड या रानबदकाच्या जातीला मान न वळवता चहूबाजूंचं आणि डोक्यावरचंही दिसतं. थवा वरून जात असताना माणूस हमखास तोंड वर करतो आणि त्याचा चेहरा वरून कागदासारखा चमकतो. झोपलेलं बदकसुद्धा पूर्ण झोपलेलं नसतं. १९९९ मध्ये मॅलार्डवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात आणि मेंदूचा अर्धाच भाग झोपवतात, मधली मात्र दोन्ही डोळे मिटून घोरतात (घोरत नाहीत, पण समजून घ्या).

आवाजाचंही असंच. आपण बदकाचा म्हणून जो "क्वॅक क्वॅक" समजतो तो मॅलार्डच्या मादीचा. नराच्या स्वरयंत्राला एका बाजूला हाडाचा पोकळ फुगा असतो आणि त्याचा आवाज बारीक, घोगरा, कुजबुजल्यासारखा येतो. त्यामुळे शिकाऱ्यांच्या शिट्ट्या बहुतेक मादीचा आवाज काढतात, त्यातही मोठ्याने सुरू होऊन हळूहळू उतरत जाणारी जी साद आहे ती. नवशिका माणूस ती सारखी वाजवत बसतो. बदक तुमच्याकडेच यायला लागलं असेल तर गप्प बसायचं असतं, पण हे कोण ऐकतंय.

आता यापेक्षा भारी प्रकार सांगतो, ज्यात बंदूक नाही, ठोकळाही नाही. डिकॉय हा शब्दच डच "कोय" म्हणजे पिंजरा यावरून आलाय असं मानतात. हॉलंडमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये झाडीत लपलेलं एक छोटं तळं करत, त्याला कोपऱ्यांतून वाकडे चर काढत, त्या चरांवर कमानी लावून जाळं टाकत, सुरुवातीला उंच आणि रुंद, मग निमुळतं होत शेवटी पिशवीएवढं. चराच्या कडेने लव्हाळ्याचे तट्टे एकाआड एक तिरके उभे केलेले असायचे, मागे माणूस लपायचा. आणि मुख्य कलाकार कोण, तर एक लहानसा तांबूस, कोल्ह्यासारखा दिसणारा कुत्रा. तो एका तट्ट्यामागून निघून दुसऱ्यामागे गायब व्हायचा, मग जरा आत पुन्हा दिसायचा. बदकं पळायची नाहीत, उलट त्याच्या मागे मागे चरात शिरायची!

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तुम्ही कावळ्यांना मांजराच्या मागे कलकलाट करत जाताना पाहिलंय ना, तोच प्रकार. शत्रू दिसतोय तोवर तो धोकादायक नाही, कुठे चाललाय त्यावर नजर ठेवायची असते. पाण्यात आपण सुरक्षित आहोत हे बदकाला माहीत असतं, आणि कोल्हा पाठ करून निघालाय म्हटल्यावर ती त्याला जणू पोचवायलाच जातात. बरीच आत आली की माणूस त्यांच्या मागच्या बाजूला तट्ट्यांच्या फटीत उभा राहायचा. चराच्या तोंडाशी माणूस, म्हणून बदकं उलट दिशेला उठायची, आणि तिथे पुन्हा वाऱ्याचा हिशोब, उठताना ती वाऱ्याला तोंड देऊन उठतात म्हणून ज्या चरातून वारा तळ्याकडे वाहतोय तोच चर त्या दिवशी वापरायचा. बदकं सरळ निमुळत्या जाळ्यात. चर वाकडा का, तर तळ्यावर उरलेल्या बाकीच्यांना आत काय झालं ते दिसू नये, ती तशीच चरत राहायची आणि अर्ध्या तासाने पुढची तुकडी. माणसाचा वास जाऊ नये म्हणून हे लोक तोंडासमोर पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीचा, जळता तुकडा धरत असत. कॅनडाच्या नोवा स्कोशियामध्ये याच सवयीवर काठावर बागडणारा लाल कुत्रा पाळायची परंपरा आहे, फरक एवढाच की तिथे शेवटी बंदूक येते.

मडक्याची युक्ती तर आपल्या देशातलीही नोंदलेली आहे. आधी काही दिवस रिकामी मडकी पाण्यात नुसती सोडून द्यायची. पहिल्या दिवशी बदकं बिचकतात, चौथ्या दिवशी त्यांना खेटून झोपतात. मग एक दिवस एका मडक्याखाली माणसाचं डोकं असतं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेली, बाकी अंग पाण्यात. तो इतका सावकाश सरकतो की मडकं वाऱ्याने वाहतंय असंच वाटतं, आणि बदकाचे पाय खालून धरून त्याला अलगद पाण्याखाली ओढतो. शेजारच्या बदकाला वाटतं की यानं बुडी मारली. काकांनी हे केलेलं होतं. ते म्हणायचे यात अवघड काय असेल तर थंडी, तासाभराने हात सुन्न पडतात आणि धरलंय ते बदक आहे का लव्हाळं हेच कळत नाही.

बदकाचं मात्र तसं नाही. हिवाळ्यातल्या रात्री जाळ्यातून बदक काढलं की पाय बर्फासारखे गार लागतात आणि पिसांत बोट घातलं की छाती भट्टीसारखी. पायाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं, त्यामुळे पायापर्यंत उष्णता फारशी जातच नाही, मग वाया काय जाणार. पाणी न लागण्याचं श्रेय लोक शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलाला देतात, ते अर्धवट आहे. तेलाने पिसं लवचिक राहतात, पण पाणी खरं अडतं ते पिसांच्या बारीक आकड्यांच्या विणीमुळे, म्हणून ते तासन्‌तास चोचीने ती वीण नीट करत बसलेलं असतं. थापट्या बदक (शोव्हेलर) हातात आलं तर त्याची पसरट चोच उघडून बघा, कडेला फणीसारखे बारीक दाते, एका बाजूला शंभराच्या घरात. पाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, दात्यांत अडकेल ते खायचं. चाळणीच आहे ती.

पायांवरून अजून एक गोष्ट कळते. मॅलार्ड, टील, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक यांचे पाय पोटाच्या मधोमध, ही उथळ पाण्यात शेपूट वर करून चरतात आणि उठताना उडी मारल्यासारखी सरळ वर जातात. पोचार्डसारख्या बुड्या मारणाऱ्यांचे पाय मागे, पोहायला उत्तम, चालायला वाईट, आणि उडताना त्यांना पाण्यावर धावत जावं लागतं. जाळं कुठे आणि किती उंच लावायचं ते यावरूनच ठरतं, एकाला लावलेल्या जाळ्यात दुसरं सापडत नाही.

जपानची एक पद्धत मला मनापासून आवडते. इशिकावा प्रांतात कातानो-कामोइके म्हणून तळं आहे. बदकं दिवसा तळ्यावर झोपतात आणि अंधार पडता पडता चरायला बाहेर पडतात, रोज त्याच टेकडीच्या खिंडीवरून, झाडांना घासून. लोक त्या टेकडीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं, माणसापेक्षा उंच जाळं घेऊन बसतात आणि पंखांचा आवाज आला की ते वर हवेत फेकतात! एका फेकीत एखादं बदक, तेही नशीब असेल तर. तीनशेहून जास्त वर्षं हे चाललंय आणि तळं टिकून आहे, कारण बंदूक वाजली असती तर बदकं दुसऱ्या दिवशी आलीच नसती.

अजून एक कमजोर जागा म्हणजे पीसझड. बहुतेक पक्षी उडायची पिसं एकेक करून बदलतात, बदकं मात्र विणीनंतर सगळी एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. भडक रंगाचा नर त्या काळात मादीसारखा मळकट होऊन झुडपात लपून राहतो, त्याचं कारण हेच. पूर्वी याच दिवसांत होड्यांची रांग लावून हाकारा करून बदकं जाळ्यात लोटत. याला मी शिकार म्हणणार नाही, ती लूट होती.

आता दुसरा प्रश्न. संपली कशी नाहीत? तर काही संपली. लॅब्राडोर बदक, शेवटचं खात्रीचं १८७५ मध्ये मारलं गेलं, गंमत म्हणजे त्याचं मांस लोकांना आवडायचंही नाही. आपल्याकडचं गुलाबी डोक्याचं बदक गेल्या शतकाच्या मध्यानंतर कुणी खात्रीने पाहिलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारणाऱ्यांकडे पंट गन होत्या, सपाट होडीला बांधलेली तोफच ती, नळीचं तोंड दोन इंचांपर्यंत, एका बारात अर्धा किलो किंवा त्याहून जास्त छर्रे आणि पाण्यावर बसलेली पन्नास-पन्नास बदकं आडवी. राजेरजवाड्यांची हौस वेगळीच, भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हॉइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४२७३ पक्षी मारले, तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे.

तरी बाकीची टिकली त्याचं पहिलं कारण त्यांची वीण. मॅलार्डची मादी रोज एक असं करत ८ ते १३ अंडी घालते आणि शेवटचं घातल्यावरच उबवायला बसते, म्हणून २६-२८ दिवसांनी पिल्लं जवळपास एकदम बाहेर येतात आणि दिवसाभरात आईमागे पाण्याकडे चालू लागतात. यातली बहुतेक मोठी होत नाहीत, पण एखाद्या चांगल्या पावसाळी वर्षात संख्या भराभर वर येते. घरट्यावर बसलेल्या माद्या कोल्ह्या-मुंगसांना सापडतात, त्यामुळे बहुतेक जातींत नर जास्त आणि माद्या कमी. म्हणूनच अमेरिकेत मॅलार्ड रोज किती मारायचे त्या मर्यादेत माद्यांची मर्यादा वेगळी आणि कमी असते. जोड्या हिवाळ्यातच, परक्या मुलखात जमतात, आणि वसंतात मादी आपल्या जन्मगावी परत निघते, नर मुकाट्याने तिच्यामागे. एक वर्षी इथला, पुढच्या वर्षी हजार किलोमीटरवरचा, त्यामुळे रक्त एवढं मिसळत राहतं की मॅलार्ड युरोपात बघा नाहीतर अमेरिकेत, सारखाच दिसतो.

दुसरं कारण, शिकाऱ्यांनाच घाम फुटला. अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने बाजारासाठी मारणं बंद झालं. झाडाच्या ढोलीत राहणारं वूड डक संपायच्या बेतात होतं, त्याची शिकार १९१८ ते १९४१ पूर्ण बंद ठेवली आणि लाकडी पेट्या लावल्या, आज ते भरपूर आहे. १९३० च्या दशकात भयंकर दुष्काळ पडला तेव्हा १९३४ पासून प्रत्येक शिकाऱ्याला एक डॉलरचं डक स्टॅम्प घ्यायला लावलं, तो पैसा पाणथळ जागा विकत घ्यायला. १९३५ मध्ये जिवंत बदकं बांधून आमिष लावणं बंद, दाणे टाकून मारणं बंद, बंदुकीत तीनच काडतुसं. ही यादी परत वाचून बघा, जे जे बदकाच्या सवयीवर फार नेमकं बोट ठेवत होतं तेच बरोबर उचलून बंद केलंय. हे ज्याने बदकं मारलीत त्यालाच सुचू शकतं. इंग्लंडमधल्या पीटर स्कॉटचंही तसंच, तरुणपणी पंट गनने मारणारा माणूस, १९४६ मध्ये त्यानेच स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांची संस्था काढली आणि तिथल्या जुन्या वाकड्या चरांच्या तळ्यात बदकं धरून रिंगा घातल्या.

रिंगांचं महत्त्व माझ्या धंद्याचं म्हणून जरा सांगतोच. आकाशभर पसरलेली बदकं मोजायची कशी? फ्रेडरिक लिंकन नावाच्या माणसाने १९३० मध्ये सोपा हिशोब मांडला. समजा १००० बदकांना रिंगा घातल्या आणि त्या मोसमात शिकाऱ्यांनी १०० रिंगा परत पाठवल्या, म्हणजे दहात एक मारलं गेलं. त्या मोसमात एकूण ५ लाख मारली असतील तर मूळची साधारण ५० लाख असणार. किती मारायची ते ठरवताना आजही रिंगांचा हिशोब लागतोच, आणि गंमत अशी की रिंग परत येते ती बहुतेक वेळा शिकाऱ्याकडूनच.

एक गोष्ट मात्र शिकाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा आली. बदकाला दात नाहीत, दाणे दळायला ते वाळूचे खडे गिळतं, आणि तळाशी साचलेले शिशाचे छर्रे त्याला खड्यांसारखेच वाटतात. एक-दोन छर्रे पोटात गेले तरी ते मरू शकतं. मी असं बदक हातात धरलंय, छातीचं हाड सुरीसारखं बाहेर आलेलं, पंख लोंबलेले, आणि अंगावर गोळीची एकही खूण नाही. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद आहे, युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागी २०२३ पासून. पोलादाचे छर्रे हलके पडतात म्हणून तक्रारी झाल्या, शिशाची घनता ११.३ आणि पोलादाची ७.८, मग जरा मोठा छर्रा घ्या आणि जवळून मारा, पस्तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे नुसती बदकं जखमी होतात. थव्यावर अंदाजाने बार टाकणारे तर सगळ्यात वाईट, थव्यात बदकांपेक्षा मोकळी हवाच जास्त असते.

आणि खरं सांगू, आज बंदुकीपेक्षा जास्त बदकं नांगराने आणि पंपाने जातात. उत्तर अमेरिकेतला खड्ड्याखड्ड्यांचा गवताळ पट्टा, निम्म्याहून जास्त बदकं तिथे जन्मतात म्हणतात, त्यातले कितीतरी खड्डे शेतीसाठी उपसून बुजवलेत. तळं गेलं की सवयीचं पक्कं असणं बदकाच्याच अंगाशी येतं, मादी दरवर्षी त्याच जागी परत येते आणि पाणी नसतं.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर हिवाळ्यात एखाद्या तळ्यावर सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जा, वारा पाठीवर येईल असं झुडपाला टेकून बसा. आधी काठावर फिरून बघून घ्या, जिकडे वारा लागतो त्या काठाला गळालेली पिसं जमा झालेली असतात, ती ताजी असतील तर बदकं तिथे आहेत. टॉर्च लावू नका, मोबाईल तर अजिबात नको. दिसेनासं व्हायला लागलं की कान द्या, टील दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज येतो, आणि तुम्ही मान वर करेपर्यंत ते गेलेलं असतं.